पन्हाळ्याच्या उतारावर तुम्ही पाय का उचललात?

अहो, तुमचा चष्मा अजून टीव्हीखालच्या फळीवरच आहे. बाकी सगळं आवरून झालं. कपडे धुऊन, इस्त्री करून ज्याला त्याला दिले. उरलेली औषधं औषधवाल्याला परत केली. उद्यमनगरातल्या गॅरेजची किल्ली ओवाळणीच्या ताम्हनाशेजारी खुंटीला लावली, म्हणजे मी कुठे ठेवली हे मलाच विचारत फिरायला नको. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, मानूस जाऊन म्हैना न्हाय झाला आणि तू घर लावून मोकळी." हो, झाले मोकळी. मला असंच जमतं. पण एक गोष्ट कुठल्याच कपाटात बसत नाही. इथे ठेवावी तर तिथली वाटते, तिथे ठेवावी तर इथली. म्हणून लिहायला बसले.

ईशान टोरांटोहून म्हणाला, "आज्जी, फोनवर तू अर्ध्यात थांबतेस. लिहून पाठव." तेव्हा हे त्याच्यासाठी आणि रेवासाठी आहे. पण मुलांना उद्देशून लिहायला लागले की मी शाळेतल्या बाईंसारखी होते, समजावून सांगायला लागते, आणि इथे समजावण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. म्हणून बोलते तुमच्याशी. मुलांनी शेजारी बसून ऐकावं.

रेवाचा प्रश्न अगदी साधा होता. तुम्ही गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी तिचा फोन आला. रडून झालं होतं. आवाज कोरडा होता.

"आज्जी, आप्पांना माझं पटलं होतं का गं?"

मी म्हटलं, "काय पटलं होतं?"

"पाय उचलणं."

इतकी वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं, मुलींनी विचारलेल्या प्रश्नाला "बघून सांगते" असं क्वचितच म्हणाले असेन. त्या दिवशी म्हणाले.

ईशानला गाड्यांतलं फारसं कळत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. रेवा नऊ वर्षांची असताना तुम्ही तिला गावाबाहेरच्या त्या छोट्या ट्रॅकवर नेलंत. जमिनीला टेकलेली, गवत कापायच्या यंत्रासारखा आवाज करणारी ती गो-कार्ट. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला, पोर शाळेला आपल्याकडे. मी म्हटलं भरतनाट्यमला घालू. तुम्ही म्हणालात, "घाल की. सोमवार ते शुक्रवार नाच, शनवार-रव्वार गाडी." दोन महिन्यांत नाच सुटला. तुमच्या गॅरेजात ती कार्टचं इंजिन उघडलेलं बघत बसायची. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, मग आत काय बिघडलंय ते ऐकू येतं, हे तुम्ही तिला शिकवलंत. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "आप्पा, आत कुणीतरी खोकतंय." आणि तुम्ही ते गिऱ्हाइकांना सांगत सुटायचात.

आणि एक गोष्ट तुम्ही तिला सगळ्यात आधी शिकवलीत. वळणाच्या तोंडाशी जो अॅक्सिलरेटरवरचा पाय सगळ्यात उशिरा उचलतो, तोच खरा. बाकीचे भाजी आणायला निघालेले. मी ट्रॅकच्या कडेला छत्री धरून उभी असायचे आणि तुम्ही कुंपणावरून ओरडायचात, "उचलू नगंस! उचलू नगंस! आता!" त्या "आता"पर्यंत मी छत्री डोळ्यांवर ओढून धरायचे.

मग कोइमतूर, चेन्नई, पेट्रोलवरच्या एकआसनी गाड्या, कपाटावर ओळीनं लावलेले चषक, जे मी दर रविवारी पुसते. मग परदेश. तिथे वर चढायच्या वाटेवर फार गर्दी होती, आणि एके दिवशी विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या एका संघानं तिला आधी चाचणीसाठी बोलावलं, मग राखीव म्हणून ठेवलं, आणि मग खरोखर गाडीत बसवलं. आपल्या उद्यमनगरातून निघालेली पोर, गल्लीबोळांसारख्या शहरी रस्त्यांवर, भिंतींच्या मधून, अशा गाडीत बसून जाते जिच्यात तुमच्या स्क्रू ड्रायव्हरला ऐकण्यासारखं काही नाही. तुम्ही त्या वेळी एवढंच विचारलंत, "खोकायचं झालं तर ती गाडी कुठनं खोकनार?" सगळे हसले. तुम्हीही. मला वाटलं, झालं, पचलं.

तिची पहिली रेस आपण दोघांनी टीव्हीवर बघितली. मी खास चकल्या केल्या होत्या. तुम्ही नवा शर्ट घातला होता, जसं काही ती आपल्यालाही बघणार होती. सुरुवातीला ती सहावी होती. मग पहिल्या मोठ्या वळणाआधी, वळण अजून बरंच लांब असताना, तिची गाडी मंद झाली. शेजारून एक गाडी गेली. पुढच्या वळणाला पुन्हा तेच, आणखी एक गेली.

"पाय उचलला पोरीनं," तुम्ही म्हणालात. आवाज असा की घरात कुणी पडलं असावं.

तिसऱ्या वेळी तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. मी म्हटलं, अहो, संपू तर द्या. तुम्ही म्हणालात, "संपलीच की," आणि चकल्यांची ताटली तशीच ठेवून बाहेर गेलात. मला नंतर फोनवर कळलं की ती चौथी आली होती. ज्यांनी तिला मागे टाकलं होतं त्यांच्या बॅटऱ्या शेवटी उतरल्या आणि ती एकेकाला ओलांडून गेली. मी धावत सांगायला आले. तुम्ही गेटशी उभे होतात. "चौथी," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ऐकलं."

मग रात्री जेवणाआधी तिचा फोन. तो मला शब्दन् शब्द आठवतो, कारण फोन स्पीकरवर होता आणि मी भाकरी थापत होते.

"काय गं ए, पाय का उचललास?"

"आप्पा, पूर्ण रेस पाय दाबून धरला तर बॅटरी शेवटच्या फेऱ्यांआधीच संपते. म्हणून आधी उचलायचा, गाडी तिच्या वेगानं घरंगळू द्यायची, ब्रेक लावताना थोडी वीज परत भरून घ्यायची. जो वाचवतो तो शेवटी पळतो."

"म्हंजे ही रेस न्हाय, काटकसर हाय. मग आज्जीला बसवा की गाडीत! दिवसभर पंखं बंद करत फिरत्या घरात."

"बसवा. आज्जी जिंकेल."

मी हसले. तुमच्या मिशीतही काहीतरी हललं, मी बघितलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, "भ्यालीस म्हनून सांग की सरळ. त्यात लाज कसली?"

मग रेवा म्हणाली, "आप्पा, तुम्हाला ह्यातलं कळणार नाही आता."

तुम्ही फोन माझ्या पिठाच्या हातात दिलात आणि आत गेलात.

त्यानंतर तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलत होतात. "तिला इचार, जेवती का वेळेवर." "आज्जी, आप्पांची शुगर बघितली का?" मी मधली तारवाली. दोघांचे निरोप पोचवायचे, दोघांचा राग गाळून. एकमेकांशी बोला की, असं दोघांनाही सांगून बघितलं. दोघांचं उत्तर एकच, "ते आधी बोलू देत," "ती आधी बोलू दे." इतकं सारखं की मला वैताग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

आता इथून पुढचं मला लावता येत नाही.

तिच्या नंतरच्या रेसला तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसायचात. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडायच्या आणि म्हणायचं, "आवाज मोठा कर." मी म्हणायचे, ती समालोचन करणारी इंग्रजीत बोलतेय, तुम्हाला काय करायचं? तर म्हणायचात, "तू हायस की." मग मी सांगत बसायचे. आता म्हणतेय, रेवाकडे पुढच्या गाडीपेक्षा जास्त वीज शिल्लक आहे. आता म्हणतेय, रेवा वाट बघतेय. तुम्ही शेंगा फोडत राहायचात. एकदाच विचारलंत, "वाट बघत्या म्हंजे, कोन म्हनलं, ती बाई का तू?" मी म्हटलं, ती बाई. तुम्ही मान हलवलीत. ती मान "हो" अशी हलली की "काय करायचं" अशी, हे मला मागून कळलं नाही. पाठीवरून माणूस ओळखता येतो असं म्हणतात लोक. मला नाही आला.

तुम्ही गेल्यानंतर अण्णा चौगुले जयसिंगपूरहून आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान मुलावर सोडून, दिवस मावळायच्या आत परत घरी जेवायला पोचायचं म्हणून दुपारीच. तुमच्या खुर्चीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण आप्पा भ्यायला लागलता."

"कशाला?"

"गाडीला. दिवाळीच्या आधी गगनबावड्याला गेलतो न्हवं आम्ही. धुकं न्हाय, पाऊस न्हाय, रस्ता मोकळा. आणि ह्यो गडी वळण दिसायच्या आधीच पाय काढतोय. मागं एष्टी, हॉर्न मारून मारून ड्रायव्हर दमला. ज्या मानसानं मला पोरवयात मोटरसायकलवर मागं बसवून असं पळवलं की माझी टोपी अजून सापडली न्हाय, त्यो मानूस!"

"तुम्ही विचारलं नाही?"

"इच्यारलं की. म्हटलं, आप्पा, झोप आली काय? तर म्हनतोय, गप बस, मोजतोय."

"काय मोजत होते?"

"काय की! देवाचं नाव मोजत असंल. वय झालं की वहिनी, आपली सगळ्यांचीच झाली."

अण्णा तुमचे सगळ्यात जुने मित्र. ते खोटं बोलणार नाहीत, आणि खोटं बोलायचं त्यांना कारणही नाही. मी त्यांना ताक दिलं. ते गेल्यावर मात्र माझ्या मनात काहीतरी टोचायला लागलं, कारण मलाही गेल्या उन्हाळ्यात असंच वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मला दर रविवारी पन्हाळ्याला न्यायला लागलात. सकाळी वर जायचं, तटावर वारा खायचा, झुणका-भाकरी, आणि ऊन चढायला लागलं की खाली. मला वाटलं, घरात दोघंच म्हाताऱ्या माणसांना कंटाळा येतो, म्हणून. मला तुमच्याबरोबर घाटात जायची भीती लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची. तुम्ही वळणावर गाडी अशी फेकायचात की पोट एका खिडकीला आणि डोकं दुसऱ्या. पर्समध्ये आवळा सुपारीची डबी नसेल तर मी गाडीत पायच ठेवायचे नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं की डबी उघडलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी मनात म्हटलं, थकले. हात सावध झाले. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. तुम्हाला बोलले नाही, तुम्हाला लागलं असतं.

अजून एक, ते मात्र मी तुम्हाला बोलून दाखवलं होतं. पायथ्याशी रस्ता सपाट होतो तिथे उसाच्या रसाचं ते दुकान. घुंगरं लावलेलं, हिरवी नेट बांधलेलं. तुम्हाला तिथे रस प्यायचा असायचा आणि गाडी थांबवायचात कितीतरी अलीकडे, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. मग चालत जायचं. मी कुरकुरायचे, "अहो, दुकानापर्यंत घ्या की. माझे गुडघे तुमचे नाहीत." तुम्ही म्हणायचात, "थांबली तिथं थांबली." पण हळूहळू तुम्ही ऐकलंत. दर रविवारी थोडी पुढे. पाऊस लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी गाडी बरोबर दुकानाच्या दारात, सावलीत उभी राहिली. मी उतरले आणि दोन पावलांत बाकावर. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही माझं एवढं मुकाट्यानं कधी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा काही म्हणाले नाही, पण मला ते फार आवडलं होतं. तुमच्याबद्दल कुणी विचारलं की हल्ली मी हेच सांगते. शेवटी शेवटी माझ्या गुडघ्यांचा विचार करायचे.

रेवाला मी अण्णांचं सांगितलं आणि माझ्या डबीचंही सांगितलं. ऐकून तिनं दोन्ही पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आज्जी, तू त्यांच्या पायाकडे बघितलंस का कधी? कुठल्या वेळी उचलायचे?"

"नाही गं. मी कशाला पायाकडे बघू?"

"ब्रेक लावायचे का?"

"मला नाही सांगता येणार."

"आज्जी, प्लीज आठव. मला संघाच्या नवीन करारावर सही करायचीय, आणि ते ह्याच्यावरच अडलंय." आणि मग ती पोर, जी भिंतीला घासत गाडी नेते, रडायला लागली. म्हणाली, तुम्ही गेल्यावर ज्या दोन रेस झाल्या त्यांत तिला पाय उचलता येईना. वळण आलं की कानात तुमचा आवाज यायचा, पाय का उचललास? दोन्ही वेळा तिची वीज शेवटाआधी संपली. संघातले विचारतात, तुला काय झालंय. "मी त्यांना काय सांगू? माझे आजोबा हेल्मेटात बसलेत?"

अहो, तुम्ही तिथे काय करत बसला होतात? मी तिला इतकंच म्हणू शकले असते की हो, पटलं होतं त्यांना. एक वाक्य. पोर मोकळी झाली असती. पण मला ते माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि तिला तर नाहीच. ती एका श्वासात ओळखते.

ती दोन रेसच्या मधल्या सुट्टीत चार दिवसांसाठी आली. अंत्यविधीला पोचू शकली नव्हती, त्याचं तिला आहेच. पहिला दिवस गॅरेजात बसून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "आज्जी, साडी बदल. पन्हाळा."

तुमची पांढरी गाडी एका फटक्यात चालू झाली. मी डबी घेतली. वर तटावर उभं राहून आम्ही काही खाल्लं नाही. तिथून खाली शेतं दिसतात तिकडे बघत ती म्हणाली, "उतरताना मी आप्पांसारखी चालवते. तू सांग बरोबर का."

"कुठल्या आप्पांसारखी?"

"आधी जुन्या."

आणि तिनं चालवली. अहो, हुबेहूब तुम्ही. दुसऱ्या वळणाला मी दाराची कडी धरली, तिसऱ्याला डबी उघडली. "पुरे, पुरे, तेच ते!" मी ओरडले. ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

"आता गेल्या उन्हाळ्यातले आप्पा. शेवटच्या उतारावर, ते पाय कुठे उचलायचे तिथे मला सांग. सांगशील?"

मी म्हटलं, डोळे मिटून सांगते, म्हणजे कदाचित आठवेल. डोळे मिटले. इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. तो आवाज कुठे उतरायचा, मग गाडी नुसती आपल्या वजनानं कशी चालायची, खिडकीतून पिळलेल्या उसाच्या ओल्या चोयट्यांचा गोड वास कधी यायचा. आणि एका जागी माझ्या तोंडून निघालं, "आता."

"इथे?" रेवा म्हणाली. "आज्जी, इतक्या आधी? वळण तर अजून दिसतही नाही!"

"आता म्हटलं ना!"

तिनं पाय उचलला. गाडी शांत झाली. पोट जागच्या जागी. आम्ही वळणातून असे गेलो की जशी कुणी चादर ओढावी. मग सपाटी आली, वेग कमी होत गेला, आणखी कमी, आणि ब्रेक न लावता गाडी उभी राहिली. मी डोळे उघडले. रसाचं दुकान लांब दिसत होतं. मध्ये भर ऊन.

"बघ," रेवा म्हणाली, "नाही पोचली. इतक्या आधी कुणी उचलतच नाही. अण्णा म्हणतात तेच खरं असेल, आज्जी. घाबरतच असतील." तिनं स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मला तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चल, उतर. चालत जाऊ रस प्यायला. सुरुवातीला इथेच थांबायची."

"काय?"

"गाडी. इथेच, ह्या मैलाच्या दगडापाशी. मग मी उन्हातून कुरकुरत चालायचे."

"सुरुवातीला म्हणजे? नंतर?"

"नंतर पुढे घ्यायला लागले. माझे गुडघे दुखतात म्हणून. दर रविवारी थोडी पुढे. शेवटी शेवटी अगदी दारात."

रेवानं माझ्याकडे बघितलं. अगदी तसं, जसं लहानपणी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बघायची.

"आज्जी, दारात थांबवताना ब्रेकचा झटका बसायचा?"

मी आठवलं. हातात पर्स, पर्सवर हात. नाही, पर्स कधी पुढे सरकली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे मला कळेना. पाठीवरून माणूस ओळखण्यात मी कच्चीच आहे. मग मान वर करून म्हणाली, "दर रविवारी. म्हातारा दर रविवारी पाय कुठे उचलायचा त्याची प्रॅक्टिस करत होता."

तेवढ्यात रसवाल्यानं लांबून हाक मारली, "ओ पावणं, गाडी बंद पडली काय? ढकलू?"

"न्हाय न्हाय, बंद न्हाय पडली," रेवा खिडकीतून ओरडली, तुमच्या आवाजात, "थांबली तिथं थांबली!"

मी तिला ते वाक्य कधी सांगितलं नव्हतं, अहो. तुम्ही लहानपणी तिच्या कार्टला म्हणत असाल.

आता मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. म्हणजे ते माझ्या गुडघ्यांसाठी नव्हतंच? मी आल्यागेल्याला सांगत बसले, माझं ऐकलं म्हणून, आणि तुम्ही तिकडे नातीचा धडा गिरवत होतात! आणि जर तुम्हाला ते जमलं होतं, इतकं जमलं होतं की गाडी दारात सावलीत नेऊन उभी करता येत होती, तर फोन उचलून तिला एक वाक्य सांगायला काय झालं होतं? "जमलं बघ गं." एवढंच. की ती सुट्टीला आल्यावर तिला शेजारी बसवून दाखवायचं होतं, एक शब्द न बोलता, मिशीतल्या मिशीत? तुमच्या स्वभावाला ते शोभतं. की अजून पटलं नव्हतं, नुसतं करून बघत होतात, इंजिन उघडून बघावं तसं? तेही शोभतं. आणि अण्णांचंही मी पुरतं खोडून काढू शकत नाही. भीतीनं उचललेला पाय आणि समजून उचललेला पाय बाहेरून सारखाच दिसत असेल. मी रेवाला असं म्हणालेही. ती म्हणाली, "आज्जी, भ्यालेला माणूस मोजत नाही."

कदाचित. मला नाही माहीत. तुम्ही संध्याकाळचा चहा अर्धा पिऊन खुर्चीत मान टाकलीत आणि हे सगळं तसंच ठेवून गेलात.

रेवानं गाडी वळवली आणि आम्ही परत वर गेलो. पुन्हा उतरलो. मी "आता" म्हटलं त्याच्या किंचित पुढे तिनं पाय उचलला, गाडी दुकानाच्या अलीकडे थांबली. पुन्हा वर. पुन्हा खाली. रसवाला आता हसायचा थांबला होता आणि खुर्ची घेऊन बघत बसला होता. एकदा दुकान ओलांडून पुढे गेली, एकदा थोडक्यात राहिली. दारात, सावलीत, तुमची थांबायची तिथे एकदाही नाही. रेवाच्या कपाळावर घाम. पण पाय ती उचलत होती, दर वेळी, न कचरता, आणि मध्येच पुटपुटत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "गप बस. मोजतेय."

शेवटी तिनं गाडी बाजूला घेतली आणि माझा हात धरला. "आज्जी, नेमकी जागा कुठली होती? झाड, दगड, पाटी, काहीतरी असेल. ते ठरवूनच उचलत असणार. तू तर शेजारीच बसली होतीस. काय दिसायचं तुला?"

अहो, तिला काय सांगू? मला काहीच दिसायचं नाही. लग्नापासून त्या घाटात मी डोळे फाडून, दाराची कडी धरून बसत आले. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पोटात ढवळलं नाही, गाडी कशी अलगद चालायची, वारा यायचा, आणि मी निर्धास्तपणे डोळे मिटून घ्यायचे. गाडी थांबली की तुम्ही उठवायचात.